२१३.४७ रुपयांचा बांगडा: मुलांना आकड्यांवर लिहायला कसं शिकवायचं?

मांडवीकाठ (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गोव्यात तिसवाडी तालुक्यातल्या एका कॉलेजात सांख्यिकी शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या वाणिज्यच्या मुलांना दर वर्षी एक प्रकल्प असतो. स्वतः आकडे गोळा करा, एक्सेलमध्ये घाला, आलेख काढा, चार पानं लिहा. यंदा विषय दिला मासळीचे भाव. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली आणि मुलं महिनाभर म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारांत वही घेऊन फिरली.

माध्यम इंग्रजी. पण पहिला खर्डा तुम्ही बाजारात ज्या भाषेत भाव विचारलात त्याच भाषेत लिहा, असं सांगितलं. मला वाटलं, भाषेची अडचण गेली की लिखाण सरळ होईल. एका गटाचा खर्डा जसाच्या तसा देतो:

"प्रस्तुत प्रकल्पात म्हापसा बाजारातील बांगडा या मत्स्यप्रकाराच्या किमतीचे सांख्यिकीय विश्लेषण करण्यात आले असून प्राप्त माहितीच्या आधारे सरासरी किंमत २१३.४७ रुपये इतकी आढळून आली. प्रमाण विचलन ८८.१२ इतके आहे. यावरून असे दिसून येते की बांगड्याच्या किमतीत चढउतार आहे."

(प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप.) हे लिहिणारा मुलगा वर्गात तोंडी काय म्हणाला होता माहितीय? "सर, दुपारी गेलं की मासळीवाली भाव उतरवते, पण तेव्हा वाट्यात बारके बांगडे असतात. म्हणजे तसं स्वस्त काही नसतं." (वाटा म्हणजे न तोलता ढीग लावून विकलेली मासळी.)

हे वाक्य चार पानांत कुठेच नाही. मी विचारलं, का रे, हे का नाही लिहिलंस? म्हणाला, "ते आकड्यात नाही ना सर, ते असंच."

तर मंडळी, मूल जे बघतं ते कागदावर येईपर्यंत कुठे गळतं? तुम्ही शिकवत असाल, कचेरीत असले अहवाल वाचत असाल, तर सांगा.

---

अनुस्वार
शनिवार, रात्री १०.०५

आधी भाषेचं. "मत्स्यप्रकार" वाचून बांगडा पाण्यात परत गेला असेल.

आता हिशोबाचं. तुमच्या मुलांनी सगळे भाव दहाच्या पटीत लिहिले असणार, मासळीवाली काही ९७ रुपये सांगत नाही. मग .४७ कुठून आलं? ४९ नोंदी आणि बेरीज १०,४६० असेल तर नेमकं २१३.४७ येतं. बरोबर का?

---

मांडवीकाठ
शनिवार, रात्री १०.१२

साष्टांग नमस्कार. ४९ च नोंदी आहेत.

---

अनुस्वार
शनिवार, रात्री १०.२०

मग झालं. दहाच्या पटीतल्या भावांना दोन दशांश स्थळं चिकटवली की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी सूक्ष्मदर्शक लावून मोजलंय. "साधारण सव्वादोनशेच्या आत" म्हटलं असतं तर खोटेपणा गेला असता.

आणि मराठीत यासाठी शब्दांची केवढी श्रीमंती आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. पण मुलगा "२६.३ टक्के विद्यार्थी" लिहितो, "पावभर वर्ग" किंवा "दर चारांत एक" लिहीत नाही, कारण त्याला ते अडाणी वाटतं. आजी बाजारात जे बोलते ते अडाणी आणि संगणक जे छापतो ते शास्त्रीय, हा समज पाचवी-सहावीतच पक्का होतो.

---

रापणकार
शनिवार, रात्री १०.४८

मास्तर, एक विचारू? २१३ कशाचे? किलोचे की वाट्याचे?

---

मांडवीकाठ
शनिवार, रात्री ११.०२

रापणकार बाब, बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. वाट्याचे. काही वाटे १०० चे, काही २००, काही ३००. सगळ्यांची सरासरी काढलीय.

---

रापणकार
शनिवार, रात्री ११.१०

म्हणजे २१३ चा वाटा कुणी विकला नाही आणि कुणी घेतला नाही. 🙂 वाट्यात मासे किती, केवढे, ताजे की बर्फातले, यावर भाव असतो. आणखी एक. ऑगस्ट म्हणजे बंदी नुकतीच उठलेली, आणि वर श्रावण. हिंदूंच्या बऱ्याच घरांत मासळी बंद. श्रावणात भाव काढून वर्षाची गोष्ट सांगताय का?

---

शेवंतीची वेणी
रविवार, सकाळी ७.३०

मस्त धागा. मी काही वर्षं पणजीत एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. हा रोग मुलांपुरता नाही हो. बातमीदार आकडा आणतो, आम्ही आकडा छापतो, अर्थ वाचकाने लावायचा.

गोव्यातलंच उदाहरण घ्या. पर्यटन खात्याचे आकडे असे: २०१९ मध्ये देशी पर्यटक ७१.२७ लाख, विदेशी ९.३७ लाख. २०२४ मध्ये देशी ९९.४१ लाख, विदेशी ४.६७ लाख. आता एक बातमीदार लिहील, "गोव्यातील पर्यटक वाढले." खरं आहे. दुसरा लिहील, "विदेशी पर्यटक निम्म्यावर." तेही खरं. २०२४ च्या शेवटी समाजमाध्यमांवर हेच रण माजलं होतं. एका बाजूने घसरणारी रेघ, दुसऱ्या बाजूने चढणारी, आणि दोघेही एकमेकांना खोटारडे म्हणत होते.

मी उपसंपादक म्हणून काय केलं असतं? आकडे तेच ठेवून "कोण" हा शब्द घातला असता. "विदेशी पाहुणे निम्मे झाले, देशी पाहुण्यांनी ती जागा भरून वर गर्दी केली." मग कळंगुट किनाऱ्यावरच्या शॅकवाल्याची (खानावळवाल्याची) तक्रारही पटते आणि दाबोळी विमानतळावरच्या रांगाही. बहुतेक भांडणं आकड्यांची नसतातच, वाक्यातल्या कर्त्याची असतात. "पर्यटक" हा कर्ता फार मोठा आहे, त्याला फोडायचा.

अवांतर: आकडा मोजला कसा हेही बघावं. हॉटेलं आपल्याकडच्या विदेशी पाहुण्यांची माहिती सी फॉर्मवर देतात. पण मुंबईहून मावशीकडे उतरलेला भाचा कुठल्या हॉटेलच्या वहीत येणार?

---

निवृत्त गणक
रविवार, सकाळी ९.१५

शेवंतीताईंशी सहमत. भर घालतो. मी जनगणनेच्या कामात दोन वेळा होतो, दारोदार फिरलोय. मुलांना (आणि साहेबांनाही) खालचा आकडा दिसत नाही. खालचा म्हणजे भागाकाराच्या रेघेखालचा.

"गोव्यातील ८८.७० टक्के लोक साक्षर आहेत" हे वाक्य २०११ पासून शेकडो भाषणांत ऐकलं. चूक आहे. ७ वर्षांवरच्या लोकांपैकी ८८.७० टक्के. पाळण्यातलं पोर या भागाकारात धरतच नाहीत. वाक्यात तीन शब्द वाढतात, पण वाक्य खरं होतं.

तसंच लोकसंख्येचं. २०११ ला गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. पुढची जनगणना २०२१ ला झालीच नाही. ती २०२७ वर ढकलली. पण मुलं आजच्या गाड्या, आजचा कचरा, आजची वीज घेतात आणि भागतात २०११ च्या माणसांनी. वर आज, खाली २०११ चा काल. "दरडोई" शब्द दिसला की मी विचारायचो, डोई कुठल्या सालातली?

एका शाळेचा अहवाल एकदा हाती आला होता. "निकाल ९२.८६ टक्के." चौकशी केली तर दहावीला १४ मुलं, एक नापास. सरळ लिहा ना, १४ पैकी १३! त्या एका पोराचं काय झालं हे तरी कुणी विचारेल. टक्क्यात तो पोरगा ७.१४ होऊन नाहीसा होतो.

---

ठोकळा
रविवार, सकाळी ९.५०

+१ काका. शेवटची ओळ भिंतीवर लावावी अशी.

---

कोथरूडवासी गोंयकार
रविवार, दुपारी १२.२०

मूळचा फोंड्याचा, आता पुण्यात एका कंपनीत विश्लेषक. रोज डॅशबोर्ड बनवतो. आमच्याकडे नवी येणारी मुलं हुशार असतात, पायथन येतं, तीन ओळींत मॉडेल चालवतात. ईमेल लिहायला सांगितला की घाम फुटतो.

माझा नियम सोपा आहे. पहिलं वाक्य असं हवं की ते खोटं ठरू शकेल. "चढउतार आहे" कधीच खोटं ठरत नाही. भाव आहे म्हणजे चढणार-उतरणार, पहाटे उठून सूर्य उगवतो म्हणण्यासारखं. "दुपारचा बांगडा वजनावर पाहिला तर सकाळइतकाच महाग पडतो", हे खोटं ठरू शकतं, म्हणून वाचावंसं वाटतं. आमचा साहेब पहिली ओळ वाचून ठरवतो पुढे वाचायचं की नाही. पद्धत, नमुना, सूत्र वगैरे मागे टाका.

दुसरं, लिहिण्याआधी चित्र काढायला लावा. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे संच दिले होते, प्रत्येकी ११ ठिपके. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५०, सहसंबंध (दोन्ही चलं किती जोडीने हलतात त्याचं माप) ०.८१६. कागदावर काढले की एक सरळ रेघेभोवती पसरलेला, एक चक्क कमान, एकात एकच ठिपका उधळलेला, एकात सगळे ठिपके एका उभ्या रांगेत आणि एक लांब बसलेला. सरासरी आणि प्रमाण विचलन देऊन थांबलेल्या मुलाने यातलं काही पाहिलेलंच नसतं.

---

निवृत्त गणक
रविवार, दुपारी १.०५

"पद्धत मागे टाका" याला माझा विरोध आहे. तुमचा साहेब पहिली ओळ वाचतो कारण त्याला तुमच्यावर विश्वास आहे. अनोळखी माणसाचा अहवाल मी शेवटून वाचतो. तळटीप आधी. किती घरं, कोणत्या महिन्यात, कुणी विचारलं. सोपं लिहिण्याच्या नादात "आम्ही फक्त सकाळी गेलो" हे वाक्य गळलं तर ते सोपं लिखाण नव्हे, फसवणूक आहे.

---

कोथरूडवासी गोंयकार
रविवार, दुपारी १.३०

काका, गाळा म्हटलंच नाही, मागे म्हटलं. पण मुद्दा घेतो. निष्कर्षाची ताकद ज्या मर्यादेवर टेकलीय ती त्याच वाक्यात हवी, बाकीच्या मागे.

---

निवृत्त गणक
रविवार, दुपारी १.३३

मग भांडण मिटलं नाही, पण जेवायला जातो.

---

कुळागर
रविवार, दुपारी ४.१०

मी सांख्यिकीवाला नाही, सुपारीवाला. वाचतोय. सरासरीबद्दल एक सांगू?

गोव्यात पाऊस वर्षाला साधारण ३००० मिमी. भागिले ३६५, दिवसाला ८ मिमी. असा दिवस सांगा मला एखादा! जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो आणि फेब्रुवारीत नळाला पाणी नाही.

कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, एकूण पाऊस किती याला महत्त्व कमी. सुपारीला कोळेरोग येतो (बुरशीने फळं सडतात), त्यावर बोर्डो मिश्रण मारायचं, एकदा पावसाच्या तोंडावर आणि परत दीडेक महिन्याने. ती दुसरी फवारणी भर पावसाळ्यात येते. सुपारीच्या झाडावर चढणारा गडी आणायचा, चुना-मोरचूद कालवायचा, आणि उघडीप मिळाली नाही तर सगळं धुऊन जातं. मला हवी उघडीप. जुलैत सलग दोन कोरडे दिवस कितीदा मिळाले? हे मला कुणी सांगत नाही. मागच्या वर्षी पुतण्याने प्रकल्पात "सरासरी पर्जन्यमान" काढलं, नऊ गुण मिळाले. मी म्हटलं, बाबा, उघडीप मोज. म्हणाला, तो शब्द पुस्तकात नाही.

---

शेवंतीची वेणी
रविवार, दुपारी ४.२५

कुळागर, "उघडीप मोज" म्हणजे अख्खा अभ्यासक्रम आहे हो. वाचणाऱ्याला काय हवंय ते आधी विचारायचं, मग मोजायचं.

---

अनुस्वार
रविवार, संध्याकाळी ६.००

शब्दांचा विषय निघालाच आहे तर काही सापळे मराठीतले आहेत, ते इंग्रजीतून शिकवून कळणार नाहीत.

"तिपटीने वाढले". १०० चे ३०० झाले की ४००? दोन्ही अर्थ लावणारे भेटतात. "तिप्पट झाले" लिहा, वाद संपला.

"दहा टक्क्यांनी वाढले". ४० टक्क्यांचे ५० झाले तर वाढ दहा टक्क्यांची की पंचवीस? शास्त्रात टक्केबिंदू असा शब्द आहे, पण वाचक अडखळतो. त्यापेक्षा "४० वरून ५० टक्क्यांवर" लिहा. दोन्ही टोकं दिली की मधला प्रवास वाचक स्वतः करतो.

आणि सगळ्यात धोक्याचा शब्द: "मुळे". मराठीत तो आधीच्या शब्दाला चिकटतो आणि इतका सहज येतो की मुलांना कळतही नाही आपण केवढा दावा केला. "बंदी उठल्यामुळे भाव उतरले." रापणकारांनी वर सांगितलंच, त्याच महिन्यात श्रावण होता. बंदी उठली की माल वाढतो, श्रावण आला की गिऱ्हाईक घटतं, दोन्हींनी भाव उतरतो. ४९ नोंदी हे दोन वेगळे करू शकत नाहीत. तिथे "बंदी उठल्यानंतर" लिहायचं. मी संपादन करताना आधी "मुळे" शोधतो आणि प्रत्येकाला ओळखपत्र विचारतो.

"असे दिसून येते की" याबद्दल बोलत नाही, रक्तदाब वाढतो. कुणाला दिसून येते?

---

ठोकळा
रविवार, संध्याकाळी ६.४०

एक खोडसाळ प्रश्न. हे सगळं आता चॅटजीपीटी करून देतं ना? आकडे टाका, स्वच्छ परिच्छेद घ्या. (काडी टाकून पळतो.)

---

मांडवीकाठ
रविवार, रात्री ८.१५

ठोकळाशेट, काडी लागलीच. तीन गटांनी तेच केलं होतं. लिखाण गुळगुळीत, व्याकरण माझ्यापेक्षा बरं. "बाजारातील गतिमान पुरवठा साखळीमुळे" वगैरे. अनुस्वारजी, "मुळे" बघा! मी मुलीला विचारलं, पुरवठा साखळी कुठे दिसली तुला? ती हसायला लागली. यंत्राला वाट्यातले बारके बांगडे दिसलेले नसतात, कारण ते वहीतच नव्हते.

म्हणून काल-आजच्या तुमच्या प्रतिसादांवरून एक ठरवलं. उद्या मुलांना लॅपटॉप बंद करायला सांगणार आणि जोड्या लावणार. एकाने फोनवर घरी सांगतोय असं समजून निष्कर्ष सांगायचा, दुसऱ्याने तो उतरवायचा. तोच खर्ड्याचा पहिला परिच्छेद. आणि त्या मुलाला परत म्हापशाला पाठवतोय, वजनकाटा घेऊन.

---

निवृत्त गणक
रविवार, रात्री ८.४०

उत्तम. एक नाव मुलांना जरूर सांगा. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, आपल्या गोव्यातला. गणिती माणूस. १९४० च्या सुमारास हे गृहस्थ तक्षशिलेच्या ठेव्यातली प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी एकेक करून तराजूत घालत होते. नाण्याच्या मागच्या बाजूला वेळोवेळी मारलेल्या खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे नाणं जितकं फिरतं तितकं झिजतं, आणि झिजेवरून कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं ते लावता येतं. मागे सगळं गणित आहे, पण मुद्दा कुठल्याही पसरकाराला (दुकानदाराला) गल्ल्यावर बसून समजेल. तुमच्या पोराचा काटा त्याच जातीचा.

---

मांडवीकाठ
पुढचा शनिवार, रात्री ९.२०

मंडळी, हालहवाल देतो.

पोरगा घरातला काटा घेऊन गेला. मासळीवाली भडकली. "तुजो काटो घरा व्हर! म्हजेकडेन वजन ना, वांटो आसा." (तुझा काटा घरी ने! माझ्याकडे वजन नाही, वाटा आहे.) मग त्याने शहाणपणा केला, सकाळी एक वाटा विकत घेतला, दुपारी एक घेतला, आणि बाजाराबाहेर स्कूटरच्या सीटवर वजन केलं. असं चार दिवस. घरचे बांगडे खाऊन कंटाळले, पण नवा परिच्छेद आला:

"म्हापशाला बांगड्याचा वाटा सकाळी २०० ला असतो, दुपारी तीच बाई तो १५० ला देते. पण दुपारच्या वाट्यात मासे बारके असतात. आम्ही चार दिवस दोन्ही वाटे घेऊन वजन केले. तीन दिवस किलोमागे भाव जवळजवळ सारखाच पडला, एका दिवशी दुपारचाच महाग पडला. चारच दिवस, एकाच बाईकडे आणि श्रावण संपल्यावर पाहिले आहे, म्हणून बाकीच्या बाजाराचे आम्ही सांगत नाही."

प्रमाण विचलन गेलं कुठे म्हणून मीच शोधत बसलो. परिशिष्टात आहे. काका, मर्यादा पहिल्याच परिच्छेदात आहे, बघा. कोथरूडकर, पहिली दोन वाक्यं खोटी ठरू शकतात.

---

निवृत्त गणक
पुढचा शनिवार, रात्री ९.४५

"आम्ही सांगत नाही" या तीन शब्दांना माझ्याकडून पूर्ण गुण.

---

अनुस्वार
पुढचा शनिवार, रात्री ९.५०

एकही "मुळे" नाही. डोळे पाणावले.

---

मांडवीकाठ
पुढचा शनिवार, रात्री १०.०५

थांबा, अजून आहे. पोराने काल तो परिच्छेद छापून त्या मासळीवालीलाच वाचून दाखवला. ती मांडी घालून ऐकत होती, मध्येच बोटांनी दिवस मोजले, आणि म्हणाली, "आनी आयताराचो भाव खंय?" (आणि रविवारचा भाव कुठे?)

चारही दिवस कॉलेजचे. आधीच्या ४९ नोंदींत बघितलं, त्यातही एक रविवार नाही. आठवड्यातला सगळ्यात जास्त मासळीचा दिवस आणि आमच्या वहीत तो नाहीच. मला दिसलं नाही, तुम्हा कुणाला दिसलं नाही.

---

रापणकार
पुढचा शनिवार, रात्री १०.११

मला दिसायला हवं होतं. उद्या आयतारच आहे मास्तर.

---

मांडवीकाठ
पुढचा शनिवार, रात्री १०.१४

सकाळी सातला म्हापशाला भेटतोय आम्ही दोघं. काटा माझा.